नक्कल नंबर तीन

नोकरीच्या पहिल्याच दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पर्स टेबलावर उलटी करायला लावली. कंगवा, रुमाल, डोकेदुखीच्या गोळ्या, मुलीच्या शाळेची एक चिठ्ठी आणि एक निळा पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्ह त्यांनी स्वतःच्या रुमालानं उचलला, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण घट्ट लावलं आणि मला पावती लिहून दिली. ‘एक नग, रंग निळा, आत काय आहे ते माहीत नाही.’ आत मुलीच्या वाढदिवसाचे फोटो होते. तसं मी सांगितलं.

“फोटो आहेत असं तुम्हाला वाटतं,” ते म्हणाले. “फोटोंबरोबर आणखी काय चढून बसलंय, ते तुम्हाला तरी कुठं ठाऊक?”

हे सगळं मराठीत. हावड्याच्या गल्लीत, शेजारच्या कारखान्यांतली यंत्रं खडखडत असताना कुणी आपल्या भाषेत बोललं तर खरं म्हणजे आनंद व्हायला हवा. मला राग आला. मी काही काल शाळेतून सुटून आलेली नव्हते. संध्याकाळी ड्राइव्ह परत देताना ते म्हणाले, “घरी जाऊन तपासून घ्या. मी हात लावलेला नाही असं मी म्हणतोय, पण माझ्या म्हणण्यावर कशाला जाता?” आणि मी खरोखरच घरी जाऊन तपासलं. सगळे फोटो जागच्या जागी होते.

नवऱ्याची बँकेत बदली झाली म्हणून मी पुण्यातली डिझाइनची नोकरी सोडून कोलकात्याला आले होते. बालीगंजमध्ये बँकेचा फ्लॅट, मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ, आणि मला दिवसभर काम नाही. सहा महिने भिंतींशी बोलून झाल्यावर ही नोकरी मिळाली. कारखाना कृत्रिम पायांचा होता. अपघातात किंवा मधुमेहानं पाय गेलेली माणसं आमच्याकडे यायची. त्यांच्या उरलेल्या पायाचं स्कॅनरनं माप घ्यायचं, त्या मापावरून संगणकावर एक वाटी घडवायची, आणि मग मागच्या खोलीत तशी प्लास्टिकची खरी वाटी तयार व्हायची. वाटी म्हणजे उरलेला पाय जिच्यात बसतो ती. कृत्रिम पायाचं बाकी सगळं विकत मिळतं, वाटी मिळत नाही. ती ज्याची त्याची असते. आणि पहिल्या खेपेला ती कधीही नीट बसत नाही. इथं टोचते, तिथं सैल पडते, कातडी सोलवटते. मग माणूस पुन्हा येतो आणि आपण दोन मिलिमीटर इकडे, तीन तिकडे करतो.

बांकुड्याकडच्या एका प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांची वाटी आठव्या खेपेला जमली. सात वेळा त्या रडवेल्या होऊन परत गेल्या आणि आठव्या वेळी आमचा जिना कठड्याला हात न लावता उतरल्या. त्या आठ खेपांत काय काय बदललं ते सगळं एका फाइलमध्ये होतं. वाटी काही वर्षांत झिजते किंवा तडकते, मग नवी करावी लागते, आणि तेव्हा ती फाइल हवी. फाइल नसेल तर बाईंना पुन्हा पहिल्या खेपेपासून सुरुवात.

अशा शेकडो माणसांच्या फाइली आमच्याकडे होत्या, आणि त्यांवर हे गृहस्थ पहारा देत बसलेले असत.

कारखान्यातली माणसं त्यांना बडोबाबू म्हणत. जुन्या बंगाली ऑफिसांत हेडक्लार्कला म्हणतात तसं. मी काका म्हणायचे. सत्तरीला आलेले, एका सरकारी रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले, उंच, किंचित वाकलेले. जन्म कोलकात्यातला, लग्नही इथल्याच बंगाली बाईंशी. वडील साताऱ्याकडच्या मामलेदार कचेरीतून केंद्र सरकारच्या नोकरीत शिरले आणि इथं आले. काकांचं मराठी त्या वडिलांकडून आलेलं, त्यामुळे ते त्या कचेरीतच थांबलं होतं. मला उशीर झाला तर म्हणायचे, “हजर व्हायला इतका विलंब का?” रजेचा अर्ज दिला तर, “मजकूर वाचला.” पुण्याच्या माणसाला असलं मराठी ऐकून हसू आवरत नाही, आणि मी ते आवरत नसे.

दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. काका ताक फुंकून प्यायचे आणि शिवाय त्याच ताकाची दुसरी वाटी शेजाऱ्यांकडे ठेवून यायचे. घराच्या त्यांनी चार किल्ल्या करून घेतल्या होत्या. एक त्यांच्याकडे, एक काकूंकडे, एक चंदननगरच्या मेहुणीकडे आणि एक कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. दर महिन्याच्या एक तारखेला ते यांपैकी एक किल्ली मागून आणायचे आणि तिनं स्वतःच्या घराचं दार उघडून पाहायचे. काकू आत बसलेल्या असायच्या. त्या उठून दार उघडत नसत, वाट पाहत बसत.

“जी किल्ली लावून पाहिली नाही,” काका म्हणायचे, “ती किल्ली नव्हे. पितळेचा तुकडा.”

दोन डिस्क एका दुकानातून, एका दिवशी, एका कंपनीच्या घ्यायच्या नाहीत हा त्यांचा नियम होता. एक धरमतल्याच्या बाजारातून आणायची, दुसरी दोन महिन्यांनी दुसरीकडून. कारण विचारलं तर म्हणायचे, जुळी मुलं एकदमच आजारी पडतात. इंटरनेटवर कुठंतरी दूर आपल्या फाइली ठेवायची सोय मॅडमनी विकत घेतली होती. आमच्या संगणकात काही बदललं की तिथंही आपोआप बदलायचं. मॅडम, म्हणजे कारखान्याच्या मालकीणबाई, त्या सोयीवर फार खूश होत्या. काका म्हणाले, “दुसऱ्याच्या माळ्यावर टाकलेलं सामान आहे ते. आणि आपण इथं काही फोडलं, तर तो तिथंही इमानेइतबारे फोडणार.” संगणकाला कायम जोडलेली एक डिस्कही होती, विक्रेत्यानं बसवून दिलेली. तिच्याकडे तर ते पाहतही नसत.

त्यांना ‘बॅकअप’ हा शब्द चालत नसे. ते नक्कल म्हणायचे. वडिलांच्या कचेरीत जमिनीच्या उताऱ्याची नक्कल मिळायची, सही-शिक्क्यानिशी. नक्कल म्हणजे कचेरीनं जबाबदारी घेतलेली प्रत, असं ते मला समजावून सांगायचे. मी कधी साताऱ्याला गेलेच नाही अशा थाटात. त्यांच्या स्वतःच्या तीन डिस्क होत्या आणि प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून त्यांनी वळणदार देवनागरीत लिहिलं होतं: नक्कल १, नक्कल २, नक्कल ३.

दर शनिवारी दुपारी ते बसच्या तिकिटाचे शेवटचे दोन आकडे घ्यायचे, त्या क्रमांकाची फाइल डिस्कवरून उघडायचे आणि ती खरंच आहे का, पूर्ण आहे का ते पाहायचे. वेगळं तिकीट, वेगळी फाइल. “मी निवडली तर मी सोपीच निवडीन,” ते म्हणायचे. स्वतःवरही त्यांचा भरवसा नव्हता. ही तपासणी मला तेव्हा शुद्ध वेडेपणा वाटायची. आणि ती झाली की डिस्क टॉवेलात गुंडाळून जेवणाच्या पिशवीत ठेवायचे आणि लाँचनं नदी ओलांडून जायचे. कधी मागच्या खोलीतले निमाईदा, म्हणजे वाट्या घडवणारे आमचे म्हातारे कारागीर, हेही शनिवारी जेवणाची पिशवी सांभाळत वेगळ्या दिशेनं जाताना दिसायचे. तिन्ही डिस्क कुठं जातात हे कुणालाच माहीत नव्हतं. मी एकदा विचारलं होतं.

“जागा सगळ्यांना ठाऊक झाली की ती जागा राहत नाही,” काका म्हणाले.

आता मला सांगा, ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या माणसाविषयी कुणाला काय वाटेल?

शिवाय माझा एक जुना राग होता. रुजू झाल्यावर महिनाभरात मी एक चूक केली. एका पेशंटच्या जुन्या फाइलवरच नवं माप सेव्ह केलं आणि जुनं पुसलं गेलं. काकांनी ते त्यांच्या डिस्कवरून दहा मिनिटांत परत आणलं. इथवर ठीक होतं. पण नंतर त्यांनी माझ्या संगणकाच्या कपाळावर कागद चिकटवला, ‘आधी प्रत, मग हात’, आणि सगळ्यांना बंगालीत त्याचा अर्थ सांगितला. निमाईदा हसले, स्कॅनिंगच्या मुली हसल्या. मी तो कागद काढला नाही, पण विसरलेही नाही.

मग एका शनिवारी मी मुलीला घेऊन गडियाहाटला गेले होते. तिथं नुकताच कृत्रिम पायांचाच एक नवा कारखाना उघडला होता. चकचकीत पाटी, काचेची दारं. आमचे दोन-तीन पेशंट तिकडे गेल्याची कुजबुज होती. त्या इमारतीचा जिना उतरून काका खाली आले. हातात तीच जेवणाची पिशवी. मला पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि घाईघाईनं बसच्या दिशेनं गेले.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेले. असल्या वेळी माणूस जे वाक्य बोलतो तेच मीही बोलले. “मी काही आरोप करत नाही, फक्त पाहिलं ते सांगतेय.” पिशवीचंही सांगितलं, टॉवेलाचंही. सांगताना मला बरं वाटत होतं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मॅडम वाईट बाई नव्हत्या. वडिलांचा कारखाना त्यांनी एकटीनं सांभाळला होता, आणि पेशंटांच्या शरीराची मापं न विचारता कुणाच्या तरी घरी जातात हे ऐकून कुणीही बिथरलं असतं. त्यांनी काकांना बोलावून तिन्ही डिस्क आणायला सांगितल्या. काका म्हणाले, आणतो, पण एकाच दिवशी तिन्ही आणणार नाही. मंगळवारी लाँचनं त्यांच्या स्वतःच्या घरची पहिली आली, बुधवारी शिबपूरहून निमाईदांच्या घरची दुसरी, आणि गुरुवारी चंदननगरच्या मेहुणीकडची तिसरी. एवढ्या तीन दिवसांत मॅडमचा संशय तिप्पट झाला. गुरुवारी काकांनी तिसरी डिस्क टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आज पहिल्यांदाच तिन्ही एका छपराखाली आहेत. मला बरं वाटत नाहीये.”

मॅडमनी डिस्क जवळ ओढल्या. शाळेत हिंदी शिकल्यामुळे त्यांना देवनागरी वाचता यायचं. एक वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली, आणि वर पाहिलं.

“निजेर हातेइ तो लिखेछेन,” त्या म्हणाल्या. स्वतःच्या हातानंच तर लिहिलंय. “नकोल.”

बंगालीत नकोल म्हटलं की माणसाला आधी खोटं औषध आठवतं, खोटी नोट आठवते. हा घोळ काय आहे ते माझ्या लगेच लक्षात आलं. काकांच्या लक्षात यायला वेळ लागला. जन्मभर बंगालीत वावरलेला माणूस, पण हा शब्द त्यांच्या डोक्यात वडिलांच्या कप्प्यात होता. तो बंगालीतही आहे हे त्यांच्या ध्यानातच नसावं.

“हो, नक्कल,” ते म्हणाले.

“मग अस्सल कुठं आहे?”

“अस्सल तुमच्याच संगणकात आहे.”

मॅडमना हा उर्मटपणा वाटला. खोट्या डिस्क इथं आणून ठेवल्या आणि खऱ्या गडियाहाटला पोचवल्या, अशी त्यांची समजूत झाली होती आणि ती मी त्यांना अर्धी करून दिलेली होती. तेवढ्यात काकांना उमगलं. ते हसले. त्यांना हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं आहे. माझ्याकडे हात करून बंगालीत म्हणाले, “ओके जिग्गेस करून. ओ तो मराठी.” तिला विचारा, ती मराठीच आहे.

मॅडमनी मला विचारलं, “तोमादेर भाषाय नकोल माने की?” तुमच्या भाषेत नकोल म्हणजे काय?

एक वाक्य पुरेसं होतं. आमच्याकडे सरकारी कचेरीतून मिळणाऱ्या खऱ्या प्रतीला नक्कल म्हणतात, हे सांगायला पाच सेकंद लागले असते. मी म्हणाले, “कॉपी. और किसी की नक़ल उतारना, वह भी. दोनों.”

“मतलब असली नहीं.”

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी दोन्ही अर्थ बरोबर सांगितले होते, कोशात पाहिलंत तर दोन्ही सापडतील. काका माझ्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी खिशातून कारखान्यातल्या त्यांच्या कपाटाची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

आठवड्याभरानं मॅडमनी त्या डिस्क माझ्याकडे दिल्या. “पुसून टाक, नव्या स्कॅनरला वापरू.” पहिली मी न पाहता पुसली. दुसरीही. तिसरी का उघडली ते सांगता येणार नाही. गडियाहाटचा काही पुरावा सापडेल अशी आशा असावी. आत सगळं होतं. प्रत्येक पेशंट, प्रत्येक खेप. आणि ‘तपासणी’ नावाची एक फाइल. तिच्यात कितीतरी वर्षांच्या तारखा, पुढं तिकिटाचे आकडे, पुढं उघडलेल्या फाइलचं नाव आणि एक शब्द: ‘उघडली’. सगळ्यात शेवटच्या तारखेला बांकुड्याच्या बाईंचं नाव होतं. ‘उघडली. आठही खेपा आहेत.’

मला स्वतःची लाज वाटली. उठून मॅडमच्या खोलीत जाऊन खरं सांगायला हवं होतं, पण एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मग मी काय केलं? डिस्क रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि घरी नेऊन गव्हाच्या डब्यामागं ठेवली. तिन्ही पुसल्या असं मॅडमना सांगितलं. नव्या स्कॅनरला दोनच लागल्या, तिसरीची चौकशी कुणी केली नाही. माझी पर्स उलटी करून पाहणारं आता कुणी उरलं नव्हतं.

त्यानंतर दोनेक महिने गेले. एका सोमवारी सकाळी मी संगणक सुरू केला तर एकही फाइल उघडेना. प्रत्येक नावापुढं भलतीच अक्षरं, आणि पडद्यावर मोडक्यातोडक्या इंग्रजीत मजकूर की तुमच्या फाइलींना आम्ही कुलूप घातलं आहे, किल्ली हवी तर संपर्क करा. कुणीतरी कुरियरच्या नावानं आलेल्या मेलमधली जोडलेली फाइल उघडली होती. कुणी, ते कधीच कळलं नाही. शुक्रवारी तसलं काहीतरी मीही उघडल्यासारखं मला वाटतं. तसं मी कुणाला सांगितलं नाही, आणि मलाही कुणी विचारलं नाही.

कायम जोडलेली डिस्क पाहिली. ती जोडलेली होती म्हणूनच तिलाही कुलूप. मॅडम म्हणाल्या, इंटरनेटवर आहे ना आपलं. ते उघडलं. इथल्या फाइली बदलल्या तशा तिथल्याही बदलल्या होत्या, एकूण एक. विक्रेत्याचा माणूस आला, तासभर बसला आणि म्हणाला की जुनं काही परत मिळण्याची सोय त्या योजनेत घेतलेली नाही. निमाईदा दारात उभे होते. ते म्हणाले, “बडोबाबू थाकले एटा होतो ना.” बडोबाबू असते तर हे झालं नसतं. ते कुणाकडे पाहून बोलले नाहीत, पण मला ते माझ्याकडे पाहूनच बोलल्यासारखे वाटले.

त्यात फोन वाजला. बांकुड्याच्या बाई. वाटी तडकली होती, त्या गुरुवारी येते म्हणत होत्या. शाळेत परीक्षा होत्या, तेव्हा एकाच खेपेत होईल ना, असं विचारत होत्या. स्कॅनिंगच्या मुलीनं फोनवर हात ठेवून मॅडमकडे पाहिलं.

मी टॅक्सी करून पूल ओलांडून घरी गेले आणि डिस्क घेऊन परत आले. टेबलावर ठेवली. मॅडमनी चिकटपट्टी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “हिचा आमच्या भाषेतला खरा अर्थ मी तेव्हा सांगितला नाही.” आणि मग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, हिंदीत, व्याकरणाच्या चुका करत. विक्रेत्याच्या माणसानं डिस्क उचलली आणि सरळ आमच्या संगणकाला लावायला निघाला. मी त्याचा हात धरला. आधी दुसरा, स्वच्छ संगणक आण म्हटलं. आधी या डिस्कची प्रत निघेल, मग बाकीचं. तो कुरकुरला, पण त्यानं आणला. प्रत निघाली. मग मी बांकुड्याच्या बाईंची फाइल उघडली. आठही खेपा होत्या. मधल्या दोन-तीन महिन्यांत आलेल्या माणसांचं मात्र सगळं गेलं. त्यांना एकेकाला फोन करून पुन्हा बोलवावं लागलं, आणि ते फोन मीच केले.

त्याच संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. तेही बालीगंजमध्येच, आमच्या फ्लॅटपासून चालत जाण्याइतकं जवळ. दार काकूंनी उघडलं. काका खिडकीपाशी बसले होते. मी काय काय झालं ते सांगू लागले. ते मध्येमध्ये प्रश्न विचारत होते, कचेरीत जबानी घेतात तसे.

“कुठल्या मशिनला लावलीस?”

“नव्या. नेटशिवाय.”

“आधी प्रत काढलीस?”

“हो.”

“उघडून पाहिलीस?”

“बांकुड्याच्या बाईंची. आठही आहेत.”

त्यांनी मान हलवली. त्या घरात मला शाबासकी मिळाली ती तेवढीच. काकूंनी चहा आणला. मी विचारलं, “काका, त्या शनिवारी तुम्ही गडियाहाटच्या त्या नव्या कारखान्यात कशाला गेला होतात?”

“रस्त्यावरून त्यांच्या काचेच्या दारातून संगणक दिसतो,” ते म्हणाले. “आणि एकच डिस्क, त्याच टेबलावर. मी वर जाऊन सांगून आलो की हे बरोबर नाही. पेशंट त्यांचे असले म्हणून काय झालं, पाय तर माणसांचेच ना. त्यांनी मला हाकलून दिलं.”

मग मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. “मॅडमनी विचारलं तेव्हा नक्कलचा अर्थ मला नीट ठाऊक होता, काका. मुद्दाम अर्धवट बोलले.”

“तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं,” ते म्हणाले. “म्हणून तर तुला विचारा म्हटलं.”

आयुष्यभर डिस्कवर, दुकानदारावर, किल्लीवर, स्वतःवर संशय घेतलेला माणूस. त्या एका दुपारी त्यानं न तपासता माझ्यावर भरवसा ठेवला होता. आपण काय केलं ते मला तेव्हा पुरतं कळलं. मी रडले. काकू बंगालीत काहीतरी म्हणाल्या, काकांनी मला चहा गार होतोय असं सांगितलं.

पुढच्या शनिवारी मॅडम स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या. काकांनी डिस्क बाहेर न्यायची लेखी परवानगी मागितली आणि मिळाल्यावर तिचीही दुसरी प्रत करून घेतली. आता डिस्कच्या जागा तीन माणसांना माहीत असतील असं ठरलं; काका, मॅडम आणि मी. एकट्याच्या पोटात जागा ठेवणं ही आपली चूक होती, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. वहीचं पान उघडून त्यांनी लिहायला घेतलं. पहिली मॅडमच्या घरी. दुसरी शिबपूरला निमाईदांकडे. स्वतःच्या घरी त्यांनी एकही ठेवली नाही. ज्याच्यावर एकदा ठपका आला त्याच्याकडे नको, म्हणाले. मग तिसरीपाशी पेन थांबलं. चंदननगरच्या मेहुणीला आता गुडघ्यांमुळे डिस्क आणून देणं जमत नव्हतं, हे आम्हा तिघांना माहीत होतं.

“माझ्याकडे राहू दे,” मी म्हणाले. “बालीगंजला कुणीतरी असायला हवंच. माझं घर तुमच्यापासून पाच मिनिटांवर आहे, काका.”

“माहीत आहे,” ते म्हणाले, आणि त्यांनी चंदननगर लिहिलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते स्वतः गाडीनं चंदननगरला जायचे, डिस्क पोचवायला आणि आणायला. त्यांनी मॅडमना माझ्याविषयी एक शब्दही वाईट सांगितला नाही. माझ्या रजेचा मजकूर वाचत राहिले, उशिराचा जाब विचारत राहिले, पुढची दोन वर्षं रोज माझ्याशी मराठीत बोलले. पण आमची पुन्हा बदली होऊन आम्ही कोलकाता सोडलं तोवर त्यांनी एकही डिस्क माझ्या हातात दिली नाही.